बॅकअपचा ताळा

१. 'यशस्वी' म्हणजे काय?

"रोज संध्याकाळी बॅकअप घेतो. स्क्रीनवर 'बॅकअप यशस्वी' असं येतं. मग तो पुन्हा उघडून बघायचा कशाला?" दुकानाचा हिशेब, गृहनिर्माण संस्थेची देखभाल वर्गणी, दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदी किंवा वाचनालयाची पुस्तकयादी कॉम्प्युटरवर ठेवणारे बहुतेक जण हा प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. पण तो संदेश सांगतो ते फार थोडं असतं: अमुक माहिती अमुक ठिकाणी लिहून झाली, एवढंच. जी फाइल घ्यायला हवी होती तीच घेतली का, ती पूर्ण आली का, उद्या ती उघडेल का आणि तिच्यात नेमका कोणत्या दिवसापर्यंतचा हिशेब आहे, यातलं काहीच त्या संदेशात नसतं. या चारही गोष्टी कळतात त्या प्रत उघडून बघितल्यावरच. बॅकअप घेण्याचं काम आता बहुतेक ठिकाणी आपोआप होतं आणि बऱ्यापैकी नीट होतं. घेतलेल्या प्रती वाचण्याचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला दिलेलं नसतं, आणि डेटा जातो तो बहुतेकदा याच फटीतून.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मोठ्या कंपनीच्या घरातला आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने बिघडलेल्या दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला आणि चुकून मुख्य सर्व्हरवरचा पुसला. सुमारे ३०० जीबींपैकी ४.५ जीबी उरले. बॅकअपच्या एकाहून अधिक सोयी होत्या, पण त्या वेळी त्यातली एकही नीट उपयोगी पडली नाही. रोजचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीपेक्षा जुनी असल्यामुळे तो दर वेळी अपयशी ठरत होता. तसं कळवणारे ईमेल तांत्रिक कारणाने नाकारले जात होते, आणि बॅकअप जिथे साठायचा ती जागा रिकामी होती. शेवटी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

यावर कुणी म्हणेल, ती मोठी यंत्रणा. आमची एकच फाइल, तिच्यात बिघडणार काय? पण गिटलॅबचं नुकसान आकारामुळे झालं नाही. आवृत्ती जुळत नव्हती आणि अपयशाची खबर कुणापर्यंत पोचत नव्हती, ही त्यामागची कारणं. दोन्ही गोष्टी एका टेबलाच्या ऑफिसातही घडतात. पेन ड्राइव्ह भरलेला असतो, नवा कॉम्प्युटर आल्यावर फाइलचा पत्ता बदललेला असतो, इशाऱ्याची खिडकी वाचण्याआधीच 'ओके' दाबलेलं असतं. साठवणीची जागा रिकामी आहे हे कळायला तिथे एकदा डोकावणं पुरेसं होतं.

२. फाइल एकच, पण चालू

बँकेचा किंवा रेल्वे आरक्षणाचा डेटाबेस मोठ्या सर्व्हरवर असतो आणि तो सांभाळायला पगारी माणसं असतात. डेस्कटॉप डेटाबेस आपल्याच कॉम्प्युटरवर, एखाद्या फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये राहतो आणि त्याचा राखणदारही आपणच. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस १९९२ साली आलं. त्याचा सगळा संसार एकाच फाइलमध्ये मावतो. पूर्वी तिच्या नावाच्या शेवटी एमडीबी असे, २००७ पासून एसीसीडीबी असतं, आणि ती २ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. टॅली प्रत्येक कंपनीसाठी आकडी नावाचं फोल्डर करतं आणि त्यात अनेक फाइली ठेवतं. एसक्यूलाइट हे तिसरं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण फायरफॉक्समधला भेटींचा इतिहास आणि फोनमधल्या असंख्य ॲपांची माहिती त्यातच साठलेली असते.

दिसायला या फाइली एखाद्या पत्रासारख्या किंवा फोटोसारख्याच. त्यामुळे कॉपी-पेस्ट केलं की बॅकअप झाला असं वाटतं. फरक एवढाच की डेटाबेस उघडा असतो तेव्हा त्यातलं थोडं मुख्य फाइलमध्ये, थोडं कॉम्प्युटरच्या मेमरीत आणि थोडं शेजारच्या सोबती फाइलमध्ये असतं. एसक्यूलाइटच्या एका प्रचलित पद्धतीत ताजे बदल आधी 'वॉल' नावाच्या सोबती फाइलमध्ये लिहिले जातात आणि सवडीने मुख्य फाइलमध्ये उतरतात. अशा वेळी फक्त मुख्य फाइल उचलली तर प्रत सुरळीत उघडते, तक्रार करत नाही, आणि तरी त्यात सगळ्यात नवे व्यवहार नसतात. ॲक्सेसची फाइल उघडली की तिच्याशेजारी एलएसीसीडीबी शेवटाची छोटी कुलूप-फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की नाहीशी होते. ती दिसत असेल तर कुणीतरी अजून आत आहे असं समजावं आणि तेव्हा प्रत घेऊ नये. सगळ्यांनी प्रोग्राम बंद करून प्रत घ्यायची किंवा प्रोग्रामचीच बॅकअपची आज्ञा वापरायची, हे दोनच मार्ग भरवशाचे.

३. यादी वाचणं

प्रत उघडण्याच्याही आधी बरंच काही कळतं, ते बॅकअपच्या फोल्डरकडे नुसतं नीट बघून. वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्या एका ॲक्सेस फाइलच्या प्रतींची ही यादी समजा:

१० एप्रिल: ४१.२ एमबी
११ एप्रिल: ४१.३ एमबी
१२ एप्रिल: ४१.५ एमबी
१३ एप्रिल: १८.९ एमबी
१४ एप्रिल: १८.९ एमबी
१५ एप्रिल: १८.९ एमबी

पहिली नजर जाते ती १३ तारखेच्या घसरणीवर, आणि छातीत धस्स होतं. पण ही घसरण बहुधा निरुपद्रवी असते. ॲक्सेसमध्ये नोंद खोडली तरी तिची जागा लगेच मोकळी होत नाही. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही आज्ञा दिली की मगच फाइल आकसते. म्हणजे १२ तारखेच्या रात्री कुणीतरी ही आज्ञा दिली असेल तर निम्म्याहून कमी आकार हे चांगलंच लक्षण. खात्री करायची तर दोन्ही प्रतींमधल्या नोंदी मोजायच्या. त्या जुळल्या तर गेली ती फक्त हवा.

खरी शंका यायला हवी ती पुढच्या दोन दिवसांची. १३, १४ आणि १५ एप्रिल, तिन्ही दिवस तोच आकार. ॲक्सेस फाइल ४ किलोबाइटच्या पानांनी वाढते, त्यामुळे दोन-चार पावत्यांनी आकार हलत नाही हे खरं. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मग 'डेट मॉडिफाइड' हा रकाना बघायचा. तिन्ही प्रतींवर तिथे १३ एप्रिलचीच तारीख आणि तीच वेळ असेल, तर १४ आणि १५ तारखेला रोजच्या कामाचा बॅकअप झालेलाच नाही. अशा गोष्टीचं कारण साधं असतं: फाइल आकसवताना कुणीतरी कामाची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेली असते, आणि बॅकअपचा प्रोग्राम जुन्या पत्त्यावरची, आता कुणीच न वापरणारी फाइल रोज इमानेइतबारे उचलत राहतो. संदेश रोज 'यशस्वी'च येतो, आणि तो खोटाही नसतो.

इथे विंडोजची एक खोड माहीत हवी. फाइलची प्रत केली की 'डेट क्रिएटेड' प्रत केल्याची वेळ दाखवतं, आणि 'डेट मॉडिफाइड' मूळ फाइल शेवटची बदलली ती वेळ. त्यामुळे फाइल 'जन्माच्या' आधीच 'बदललेली' दिसते आणि लोक गोंधळतात. बॅकअप वाचताना आपल्या कामाचा असतो तो दुसरा रकाना. पहिल्यावरून फक्त प्रत कधी केली ते कळतं.

नावांबद्दलही थोडं. 'हिशेब फायनल', 'हिशेब फायनल नवा' आणि 'हिशेब खरा फायनल' या तीन फाइलींमधली शेवटची कोणती, हे नाव देणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. ॲक्सेसची स्वतःची बॅकअपची आज्ञा नावाला तारीख जोडते. टॅली ईआरपी ९ मध्ये मात्र बॅकअपच्या फाइलचं नाव ठरलेलं असे, टीबीके९००.००१, त्याच फोल्डरमध्ये पुन्हा बॅकअप घेतला की कालची प्रत जाऊन आजची बसणार. म्हणून जाणते अकाउंटंट तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करून त्यात बॅकअप घेत आले आहेत. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२४-०३-३१ अशी लिहावी. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर नावांच्या क्रमात सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात आणि यादीचा काळाशी संबंध तुटतो. फायरफॉक्स बुकमार्कच्या प्रती ठेवतं, तेव्हा फाइलच्या नावात तारखेबरोबर आत किती बुकमार्क आहेत तो आकडाही घालतं. फाइल न उघडता कळतं की काल ४३२ होते आणि आज १२ आहेत, म्हणजे काहीतरी गडबड आहे. हिशेबाच्या प्रोग्रामांनी ही युक्ती उचललेली नाही याचं नवल वाटतं.

४. उघडताना

यादीवरून शंका येते. खात्री होते ती प्रत उघडूनच. पण रोज प्रत्येक प्रत उघडायला वेळ कुणाकडे आहे? तशी गरजही नाही. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर शेतकरी पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. ७० उगवले तर पोतं पेरायला योग्य. तो सगळं पोतं भिजवत नाही, आणि भिजवलेले दाणे परत पोत्यात टाकत नाही. बॅकअपलाही हे दोन्ही नियम जसेच्या तसे लागू पडतात. महिन्यातून एक प्रत निवडून उघडायची, आणि उघडायची ती बॅकअपची मूळ फाइल नव्हे, तिची आणखी एक प्रत, वेगळ्या फोल्डरमध्ये.

दुसऱ्या नियमाला कारण आहे. डेटाबेसची फाइल नुसती बघायला उघडली तरी बरेचदा तिच्यात काहीतरी लिहिलं जातं आणि तिची 'बदलली' ही तारीख पुढे सरकते. जिच्यावरून प्रत कधीची ते ओळखायचं ती खूणच पुसली जाते. टॅलीत 'रिस्टोअर' करताना तर जास्तच जपावं लागतं. रिस्टोअर कुठे करायचं त्या जागी चालू डेटाच्या फोल्डरचा पत्ता दिला, की मागच्या महिन्याची कंपनी आजच्या कंपनीवर बसते. प्रोग्राम विचारतो, पण घाईतला हात 'येस' दाबतो. नुसतं बघायचं असेल तेव्हा रिस्टोअर नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये करावं.

ॲक्सेस वापरणाऱ्यांसाठी एक सापळा याहून धूर्त आहे. एकाहून अधिक माणसं काम करत असतील तिथे डेटाबेस दोन फाइलींत विभागतात. एकीत फॉर्म आणि अहवाल, दुसरीत प्रत्यक्ष नोंदींचे तक्ते. पहिली फाइल दुसरीतल्या तक्त्यांना जोडलेली असते, आणि ही जोडणी दुसऱ्या फाइलच्या पूर्ण पत्त्याने केलेली असते. आता मागच्या महिन्याच्या बॅकअपमधली पहिली फाइल उघडली तर काय दिसेल? मागच्या महिन्याचा हिशेब नाही, तर आजचा! कारण ती फाइल शेजारी ठेवलेल्या जुन्या तक्त्यांकडे बघतच नाही. तिच्यात लिहिलेल्या पत्त्यावर, म्हणजे चालू तक्त्यांकडे जाते. बघणारा खूश होतो की बॅकअप अगदी ताजा आहे. आणि मग 'हा बॅकअपच तर आहे' म्हणून करून बघायला एखादी नोंद खोडतो. ती खोडली जाते चालू हिशेबातून. नोंदींच्या तक्त्यांची फाइल बॅकअपमध्ये कधी आलीच नव्हती, हेही अशाने झाकलेलं राहतं. उपाय दोन. प्रत बघताना तक्त्यांची फाइल थेट उघडावी. ते जमणारं नसेल तर 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मध्ये जाऊन जोडणी कोणत्या पत्त्यावर आहे ते आधी वाचावं.

५. ताळा

प्रत उघडली, पडद्यावर नावं आणि आकडे दिसले. एवढ्याने समाधान मानायचं का? मानू नये, कारण अर्धवट प्रतही उघडते आणि आकडे दाखवते. सगळं आलं की नाही हे ठरवायला तुलनेसाठी काहीतरी हातात लागतं, आणि ते बॅकअप घेतानाच टिपून ठेवावं लागतं. हिशेबनीस ज्याला ताळा म्हणतात तेच हे. बॅकअप घेतल्यावर तीन आकडे लिहायचे: एकूण नोंदी किती, शेवटचा पावती क्रमांक कोणता आणि त्या दिवशीची रोख व बँक शिल्लक किती. समजा ३१ मार्चला १,८४२ नोंदी, शेवटची पावती ६१७ आणि शिल्लक ९६,४५० रुपये असं लिहिलंय. जूनमध्ये ती प्रत उघडली आणि तिन्ही आकडे जुळले, तर ती ३१ मार्चची पूर्ण प्रत आहे असं म्हणायला हरकत नाही. नोंदी १,८४२ च्या १,८३० भरल्या तर प्रत घेताना कुणीतरी आत काम करत होतं, हा पहिला संशय. शिल्लक जुळली पण शेवटची पावती ६१७ ऐवजी ६०२ निघाली, तर प्रत ताळ्याच्या वहीतल्या दिवसाची नाही किंवा वहीतच चूक आहे. कोणता आकडा चुकला यावरून कुठे बघायचं ते समजतं, म्हणून एकाऐवजी तीन. हे आकडे बॅकअपच्याच पेन ड्राइव्हवर लिहू नयेत, साध्या वहीत लिहावेत. ड्राइव्ह बंद पडला तर निदान काय गेलं ते तरी समजेल.

हा सगळा उद्योग कायद्याला अपेक्षित आहे का, असंही विचारलं जातं. कंपन्यांच्या हिशेबवह्यांबाबतच्या नियमांत २०२२ साली दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप 'ठरावीक काळाने' ऐवजी 'रोज' भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक झालं. त्याच नियमांत हिशेब पुढे संदर्भासाठी वापरता येईल असा राहिला पाहिजे, हीही अट आहे. रोजच्या बॅकअपची चर्चा भरपूर झाली, या दुसऱ्या अटीची जवळजवळ नाही. वापरता येतो की नाही, हे उघडल्याशिवाय कसं सांगणार? छोट्या दुकानाला किंवा सोसायटीला हा कंपन्यांचा नियम लागू नसेल, पण त्यामागचा हिशेब त्यांनाही लागू आहे.

६. किती ठेवायच्या?

हार्ड डिस्क स्वस्त झाल्यात, मग सगळ्याच प्रती ठेवाव्यात, असा एक मतप्रवाह आहे. ४० एमबीची फाइल रोज ठेवली तर आठ वर्षांत सुमारे ११७ जीबी होतात, आणि आजच्या डिस्कवर ते सहज मावतात. अडचण जागेची नाही. जवळजवळ तीन हजार सारख्या दिसणाऱ्या फाइलींत ताळा जुळलेल्या कोणत्या आणि न बघितलेल्या कोणत्या, हे शोधणं अशक्य होतं, आणि संकटाच्या दिवशी माणूस हाताला लागेल ती उचलतो. दुसऱ्या टोकाचा मार्ग म्हणजे फक्त शेवटच्या सात प्रती ठेवायच्या. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप फोनमधल्या प्रतींचं असंच करतं. गप्पांना ते चालतं, हिशेबाला नाही. जुलैत चुकून एका सभासदाचं सगळं खातं खोडलं गेलं आणि ते नोव्हेंबरात त्याच्या तक्रारीमुळे लक्षात आलं, तर सातही प्रतींमध्ये ते खातं नसणार. चूक घडणं आणि ती कळणं यात जेवढं अंतर पडतं, तेवढं मागे जाता आलं पाहिजे.

म्हणून मधली वाट: शेवटच्या ७ रोजच्या प्रती, ४ आठवड्यांच्या, १२ महिन्यांच्या, आणि प्रत्येक ३१ मार्चची एक. आठ वर्षांच्या वर्षअखेरच्या प्रती धरल्या तर एकूण ३१ होतात, ४० एमबीच्या हिशेबाने सव्वा जीबी. आठ वर्षं का? कंपनी कायद्यात हिशेब आठ आर्थिक वर्षं ठेवायला सांगितलंय. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. महिन्याची म्हणून जी प्रत ठेवायची तीच उघडून बघायची, ताळा जुळला तरच तिला ती जागा द्यायची आणि मगच जुन्या रोजच्या प्रती काढून टाकायच्या. आधी टाकून मग तपासणं हा उलटा क्रम होतो.

क्लाउडवर आपोआप सिंक होत असताना हे सगळं कशाला, हा आक्षेप सगळ्यात जोरात येतो. सिंकचं काम दोन ठिकाणं सारखी ठेवणं. इकडे खोडलं की तिकडेही खोडतं, इकडे फाइल बिघडली की बिघडलेली तिकडे जाते. बऱ्याच सेवा मागच्या काही दिवसांच्या आवृत्त्या राखतात हे खरं, पण त्यालाही मुदत असते. शिवाय उघडा डेटाबेस सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवला तर लिहिणं चालू असतानाच फाइल वर चढवली जाऊ शकते. क्लाउडला विरोध नाही. तिथे बंद केलेल्या, तारीख घातलेल्या प्रती चढवाव्यात, चालू फाइल नव्हे. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हचंही तेच: खंडणीखोर व्हायरस आला तर तो मूळ फाइलीबरोबर जोडलेल्या ड्राइव्हवरच्या प्रतीही कुलूपबंद करतो. एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवलेली हवी.

वर्षअखेरच्या प्रतींची एक अडचण शेवटी उरते, ती सॉफ्टवेअरच्या वयाची. ॲक्सेस ९७ मध्ये बनवलेल्या फाइली ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्यांत उघडतच नाहीत. आधी २०१० किंवा त्याहून जुन्या आवृत्तीत नेऊन त्यांचं रूपांतर करावं लागतं. फाइल शाबूत, ताळ्याची वही शाबूत, आणि तरी आतलं काही दिसत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की जुनं काढून टाकण्याआधी वर्षअखेरच्या सगळ्या प्रती नव्यात उघडतात का ते बघून घ्यावं. शिवाय दर ३१ मार्चच्या प्रतीबरोबर मुख्य तक्ते साध्या सीएसव्ही फाइलमध्ये आणि ताळेबंद पीडीएफमध्ये काढून ठेवावा. प्रतीला पासवर्ड असेल तर तो ताळ्याच्या वहीत लिहू नये. बंद पाकिटात घालून सचिवांकडे किंवा मालकांकडे द्यावा.